साखरपुड्याचा कोट

सिद्धू मास्तरांनी शिवलेला कोट सैल झाला, असं कराडात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. मास्तर मूळचे आटपाडीकडचे. बापजाद्यांनी मेंढरं राखली, ह्यांनी कात्री धरली, आणि कराडात येऊन एवढं नाव काढलं की अर्ध्या शहराचे नवरदेव त्यांच्याच हातचा कोट घालून बोहल्यावर चढले. माणूस तापट, जिभेला हाड नाही, पण कोट असा बेतायचा की वाकड्या खांद्याचा गडीही सरळ दिसावा. त्याच मास्तरांच्या हातचा साईराजचा कोट एकदा नाही, दोनदा सैल झाला होता, आणि साखरपुडा रविवारवर येऊन ठेपला होता.

बरं, दुकानात सैल असता तर गोष्ट वेगळी. दुकानात आरशासमोर कोट कसा झकास बसायचा. मास्तर पाठीवरून हात फिरवायचे, बटण लावायचे, दोन पावलं मागं सरून नुसतं "बगा" म्हणायचे. बघणाऱ्याला खोट काढायला जागा नसायची. आणि तोच कोट कोरेगावजवळ साईराजच्या गावी नेऊन घरात घातला की छातीवर पिशवीसारखा लोंबायचा. आत एखादा पेरू सहज मावेल एवढी पोकळी. साईराजच्या आईनं, तानुबाईनं, आधी घडीला दोष दिला, मग इस्त्रीला, आणि शेवटी कुणाची तरी नजर लागली म्हणून कोटावरूनच मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. कोटाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

आमच्याकडे साखरपुड्याचा सूट मुलीकडचे करतात. कापड त्यांचं, शिलाई त्यांची, शिंपीही त्यांच्याच पाहण्यातला. त्यामुळं कोट बिघडला तर नाव नवरदेवाचं जात नाही, मुलीच्या बापाचं जातं. मुलीचे वडील आकारामशेठ कराडात खत-बियाण्यांचं दुकान चालवायचे. चार माणसांत ऊठबस असलेला माणूस. पहिल्यांदा कोट परत आला तेव्हा ते हसले, दुसऱ्यांदा आला तेव्हा हसले नाहीत. मास्तरांना म्हणाले, "जमत नसंल तर तसं सांगा. सांगलीवरनं तयार कोट आनतो." मास्तरांच्या तोंडावर आजवर असं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती.

या कोटाला नेमकं काय झालंय हे एकट्या साईराजला माहीत होतं, आणि तो तोंडातून ब्र काढत नव्हता.

साईराजच्या घरात पुरुष म्हटला की वर्दी. आजा फौजेत, दोन्ही चुलते फौजेत, आणि वडील नाथाजी तर सुभेदार होऊन घरी आलेले. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं, घर तात्या म्हणायचं. पोराला मिसरूड फुटायच्या आतच तात्यांनी त्याला पहाटे उठवून उसाच्या बांधावरून पळायला लावलं. पळण्यात तो कुणाला हार गेला नाही. उंची बापावर गेलेली. अडायचं ते छातीवर. भरतीला छाती नुसती असून चालत नाही, खांदे न उचलता, नुसत्या श्वासावर ती ठरलेली फुगावीही लागते, आणि साईराजची छाती काही केल्या तेवढी फुगेना. तात्यांनी दूध-अंडी चारली, दंड-बैठका काढून घेतल्या. सांजेला पडवीत उभा करून स्वतः टेप लावायचे आणि ओरडायचे, "फुगव! आनखी! आनखी फुगव!" साईराजच्या कानशिलाच्या शिरा तट्ट व्हायच्या. टेप मात्र होती तिथंच राहायची.

भरतीला तो तीनदा गेला. उघड्या अंगानं रांगेत उभा राहिला, टेप लावणाऱ्यानं आकडा अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला, आणि साईराज कपडे काखोटीला मारून फाटकाबाहेर आला. बाहेर चहाच्या गाड्यापाशी तात्या थांबलेले असायचे. ते एका शब्दानं बोलले नाहीत. चहा पाजला, गाडीत बसवला, घरी आणला. त्यापेक्षा चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं, असं साईराजला आजही वाटायचं.

मग भरतीचं वय निघून गेलं. त्यानंतर त्या घरात छाती हा शब्द कुणी काढला नाही. साईराजनं उसाच्या रोपांची नर्सरी घातली आणि तिच्यात जीव ओतला. कोरेगावचे सोडाच, खंडाळ्याकडचे शेतकरीसुद्धा टेम्पो घेऊन त्याच्याकडं रोपं न्यायला यायला लागले. सगळं बरं चाललं होतं. पण पाहुण्यांत कुणी "सुभेदार, पोरगा काय करतो?" असं विचारलं की तात्या "रोपांचं बगतो" एवढंच म्हणायचे, आणि त्या दोन शब्दांत जे नव्हतं तेही साईराजला ऐकू यायचं.

त्यात लग्न ठरलं ते संयोगिताशी, आणि संयोगिता सांगलीला पोलिसात. भरती होऊन, ट्रेनिंग करून, खाकी चढवलेली पोरगी. मग मित्रांना काय, आयतंच कोलीत मिळालं. "बायकू वर्दीत आन् नवरा कोटात! घरात सलाम कोन कुनाला ठोकनार रं गड्या?" साईराज त्यांच्याबरोबर हसायचा. पोरगी त्याला मनापासून आवडली होती, तिच्या वर्दीचा त्याला अभिमानही होता. पण मित्र पांगले की तो नर्सरीत जाऊन रोपांचे ट्रे उगाच इकडचे तिकडे करत बसायचा.

पहिल्या वेळी मास्तरांनी माप घ्यायला टेप लावली तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं. टेप पाठीवरून फिरून पुढं आली, तिचं थंडगार पितळी टोक छातीला टेकलं, आणि साईराजचा श्वास आपोआप आत गेला. खांदे वर, हनुवटी वर, पोट आत. हाळी दिली की बैल जसं पाऊल उचलतो तसं झालं. मास्तरांची पद्धत अशी की माप घेतलं की आकडा खड्या आवाजात पुकारायचा, म्हणजे आतल्या बाजूला बसलेल्या त्यांच्या बायकोला, भामाबाईला, तो लिहून घेता यावा. "छाती छत्तीस!" मास्तर ओरडले. "छत्तीस," भामाबाई आतून म्हणाल्या. बाकावर तात्या बसलेले होते. सुभेदारांना कुठल्याही कामावर देखरेख केल्याशिवाय चैन पडत नसे.

आरशासमोर ट्रायललाही तसंच झालं, आणि कोट घरी येऊन लोंबला तेव्हा साईराजच्या लक्षात सगळा प्रकार आला. दुसऱ्या खेपेला त्यानं ठरवलंच होतं की श्वास धरायचा नाही. पण टेप लागली आणि समोरच्या आरशात त्याला बाकावरचे तात्या दिसले, एकटक बघणारे. आता श्वास सोडला तर आकडा खाली येणार, आणि तो पुन्हा एकदा ओरडून सांगितला जाणार, बापाच्या कानावर आणि तेही सासऱ्याच्या शिंप्याच्या दुकानात. त्याची हिंमत झाली नाही. पुन्हा छत्तीस. मग ट्रायललाही ती छत्तीसची छाती टिकवणं आलं. आरशासमोर तो वरच्या वर चोरटे श्वास घेत उभा राहिला, आणि बाहेर गाडीत बसल्यावर मोकळा झाला.

आता तिसरी खेप होती. कच्ची शिलाई उसवून, पुन्हा बेतून, रविवारच्या आत कोट द्यायचा तर माप आजच घ्यायला हवं होतं. आकारामशेठनी लेकीलाही धाडलं होतं. "जा आन् बगून ये, नेमकं चुकतंय कुठं," म्हणून. संयोगिता रजा टाकून सांगलीहून एसटीनं थेट दुकानात आली होती. साध्या पंजाबी ड्रेसात होती, पण दाराशी उभी अशी की कुणालाही वाटावं, दुकानाची झडतीच घ्यायला आलीय.

मास्तरांचा पारा आधीच चढलेला. त्यांनी खिशातून कोरी टेप काढून सगळ्यांपुढं नाचवली.

"ही बगा, नवी. जुनी वापरून बिघडली आसंल म्हनून फेकून दिली. लाकडी पट्टीला लावून बगितलीय. आता काय घोटाळा झाला तर त्यो माझा."

"कापडच ताणत आसंल," तात्या बाकावरून म्हणाले.

"सुभेदार, कापडाला नावं ठिवू नका. शेठनी ढिगातनं निवडून घेतलंय. आवं, हितं बसतोय, घरी गेला की ऐकत न्हाई. कोट हाय का कार्टं?"

भामाबाईंना हसू आवरेना. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. आकारामशेठ होते. मास्तर "व्हय शेठ, व्हय शेठ" म्हणत ऐकत राहिले. त्यांचा चढलेला आवाज हळूहळू उतरत गेला. "आना की सांगलीचा," ते शेवटी म्हणाले, "माझं काय म्हननं न्हाई. पोराचा कार्यक्रम चांगला झाला पायजे." फोन ठेवून ते मशीनपुढच्या स्टुलावर बसले. टेप मांडीवर पडलेली.

"भामे," ते म्हणाले, "एवढा कोट हुऊ दे. मग कोटाचं काम बंद. शर्ट-प्यांटी शिवू."

"कायबी काय बोलताय!"

"खरं त्ये बोलतोय. दोनदा मोजलं, दोनदा चुकलं. हाताला मोजमाप ऱ्हायलं न्हाई माझ्या."

मास्तरांनी हे अगदी साध्या आवाजात म्हटलं, आणि म्हणूनच ते साईराजला झोंबलं. ओरडले असते तर काही वाटलं नसतं. आपण दोन इंच वारा छातीत कोंडला, आणि त्यापायी ह्या माणसाचा आपल्या हातावरचा भरवसा उडाला. साईराजला स्वतःची लाज वाटली. छातीची लाज त्याला सवयीची होती, ही नवी होती. चूक आपली आणि कात्री खाली ठेवायची त्यांनी?

"या नवरदेव," मास्तर उठले. "शेवटचं बगू."

टेप पाठीवरून फिरली. टोक छातीला टेकलं. आणि एवढं सगळं होऊनही श्वास आत गेलाच, खांदे वर गेलेच. मेली सवयच तशी. मास्तरांनी टेपवर अंगठा दाबला, आकडा बघितला, कपाळाला आठ्या घातल्या.

"छाती छ..."

"थांबा मास्तर."

भरलेल्या छातीतून आवाज असा चिरका निघाला की भामाबाईंनी आतून मान बाहेर काढली.

"तुमचा हात चुकला न्हाई," साईराज म्हणाला. "टेपबी चुकली न्हाई. मी श्वास धरतोय."

आणि त्यानं श्वास सोडला. लांबलचक, सगळाच्या सगळा. खांदे खाली आले, बरगड्या जागेवर बसल्या, आणि मास्तरांच्या हातातली टेप ढिली पडली.

मास्तर टेपकडं बघत होते, मग साईराजकडं, मग परत टेपकडं.

"परत्येक बारीला धरला?"

"व्हय."

"ट्रायललाबी?"

"व्हय."

"आरं माझ्या कर्मा!" मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. क्षणभर वाटलं, आता हे पोराच्या कानाखाली काढतात. पण त्यांचा चेहरा बघता बघता उजळला. "भामे! ऐकलंस का? हात ठीक हाय माझा! चांगला ठणठणीत हाय!" त्यांनी तो हात आधी बायकोला दाखवला, मग संयोगिताला, जणू नुकताच दवाखान्यातून सुटून आलाय. "चार दीस झोप न्हाई मला. देवाला नवस बोललोय. आन् हे बेनं श्वास धरून हुबं!"

"चुकलं माझं, मास्तर."

"चुकलं तर चुकलं. आता हुबा ऱ्हा नीट. नीट म्हंजी ताठ न्हवं, माणसावानी."

साईराज माणसासारखा उभा राहिला. मास्तरांनी टेप लावली, आणि या खेपेला ते पुकारायचे थांबले. तापट असले तरी माणसातले होते, बाकावर कोण बसलंय ते त्यांना आता उमजलं होतं. ते साईराजच्या कानाशी वाकले आणि पुटपुटले, "चौतीस."

"मोठ्यानं सांगा की," साईराज म्हणाला. "मावशींला लिवायचंय न्हवं?"

मास्तरांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि छाती भरून आरोळी ठोकली. "छाती चौतीस!"

"चौतीस," भामाबाई म्हणाल्या.

एवढंच झालं. आकडा दुकानाबाहेर रस्त्यावर गेला, केळीवाल्यानं ऐकला असेल-नसेल, एक रिक्षा हॉर्न मारून निघून गेली. कुणी त्याला बाजूला हो म्हणालं नाही. कपडे उचल म्हणालं नाही. मास्तर पोटाचं माप घ्यायला लागले होते. ज्या गोष्टीला इतकी वर्षं भ्यालो ती एवढीशी होती होय, असं साईराजला वाटलं, आणि त्याला थोडा रागही आला, की हे आधी कुणी सांगितलं का नाही.

मग त्यानं धीर करून बाकाकडं बघितलं. बाक रिकामा होता. तात्या दुकानाच्या पायरीवर, पाठ करून उभे होते.

मास्तरांचं माप पुरं होताच साईराज बाहेर गेला. संयोगिता त्याच्यामागं यायला निघाली होती, ती दारातच थबकली आणि मागं सरली.

"तात्या."

"झालं माप?"

"झालं. ऐकलं न्हवं तुमी?"

"ऐकलं की. सिद्धू मास्तरचं आख्ख्या कराडानं ऐकलं." तात्या रस्त्याकडंच बघत होते. "मला म्हाईत हुतं रं."

"काय म्हाईत हुतं?"

"पयल्याच दिशी दिसलं. टेप लागली आन् तुझं खांदं वर गेलं. भरतीच्या सेंटरला हजारांनी पोरं मोजल्यात मी. मला कळायचं न्हाई व्हय?"

"मग बोलला का न्हाई?" साईराजचा आवाज नको तेवढा चढला. "तीन चकरा झाल्या, त्या मास्तरांचा जीव टांगनीला लागला. एक शबुद बोलायचा हुता!"

"काय बोलू?" आता तात्या वळले. "'श्वास सोड' म्हनलो आसतो तर तुला काय वाटलं आसतं? म्हाताऱ्यानं परत टेप हातात घेतली. तुझं वय निघून गेलं त्या दिशी मी ठरिवलं हुतं, पोराच्या छातीचं नाव आता काढायचं न्हाई. न्हाई काढलं. कोट लोंबतोय तर लोंबू दे म्हनलं, कोट काय, दुसरा मिळतोय."

इतकी वर्षं ज्या गप्प बसण्याला तो राग समजत आला होता, ते हे होतं.

"मला वाटायचं, तुमी माझ्यावर नाराज हाय," तो म्हणाला.

"नाराज?" तात्यांना खरोखरच नवल वाटलं. "आरं, त्या चहाच्या गाड्यापाशी हुबा ऱ्हायचो तवा मला एकच कोडं पडायचं, ह्ये पोरगं भायेर आलं की ह्याला म्हनायचं काय? हुकूम द्याया येतोय मला. समजूत घालाया कुनी शिकिवलं न्हाई. मग चहा पाजायचो." त्यांनी चपलेनं पायरीवरचा खडा बाजूला सारला. "साखर जास्त टाकाया लावायचो तुझ्यात. तुला गोड लागतंय म्हनून."

साईराजनं मान हलवली. तो चहा गोड होता की कडू हे त्याला कधीच कळलं नव्हतं. पण आता छातीवरची मणाची धोंड कुणी तरी अलगद उचलून बाजूला ठेवावी तसं त्याला झालं. मग तात्याच म्हणाले, "चल आत. नायतर मास्तरला वाटंल, गिऱ्हाईक पळालं."

आत मास्तरांनी कामाचा सपाटा लावला होता. पाठीची शिलाई उसवली, दोन्ही बगला उसवल्या, खडूनं नव्या रेघा मारल्या, जादाचं कापड आत घेतलं आणि लांब लांब धावदोरे घालून कच्चा टाका मारला. भामाबाईंनी चहा दिला. चहा होईस्तोवर कोट अंगावर चढवण्यासारखा झाला होता.

साईराजनं तो चढवला. मास्तरांनी पाठीवरून हात फिरवला, बटण लावलं, दोन पावलं मागं सरले. "बगा," म्हणाले, आणि मग बोट रोखून, "पर आदी चांगला चार येळा श्वास घ्या आन् सोडा. माझा इस्वास न्हाई आता."

साईराजनं श्वास घेतला, सोडला. घेतला, सोडला. कोट त्याच्याबरोबर हलला आणि त्याच्याबरोबर जागेवर आला. आरशात उभा होता तो काही पैलवान नव्हता. सडपातळ, उन्हानं रापलेला, रोपांमध्ये राबणारा एक माणूस होता, आणि कोट त्याचाच होता.

"आवं, एक बोलू का?" संयोगिता आरशाजवळ आली. "मला बगायला आला हुता तवाबी तुमी असंच धरून बसला हुता न्हवं? श्वास?"

साईराजचे कान तापले. "समद्या मानसांत... व्हय. बहुतेक."

"तरीच! मी घरात म्हनलं, पोरगं बरं हाय पर लय अकडू हाय. पोह्याची बशी घ्यायलाबी वाकंना. मला घोर लागला हुता, जल्मभर ह्या खांबासंगं कसं निभवायचं?"

"मग व्हय कशी म्हनलीस?"

"निघताना पायरीवर बसून बूट घालत हुता. कुनी बगत न्हाई आसं वाटलं तुमाला, आन् तुमी हुश्श केलं. तवा बरं दिसला." तिनं तोंडावर रुमाल धरला. "म्हनलं, हाय आत मानूस."

मास्तर, भामाबाई, सगळेच हसले. तात्यांनीही मिशीखाली हसून घेतलं आणि पकडले गेले म्हणून खाकरले.

"हसताय काय सुभेदार, या हिकडं," मास्तर म्हणाले. त्यांना आता उधाण आलं होतं. "शेठनी व्याह्यांसाठीबी कापड ठिवलंय. जोधपुरी शिवायचाय तुमाला लग्नाला. आन् आदीच सांगतो, ह्या दुकानात आता फुगवाफुगवी चालायची न्हाई."

"मी कशाला फुगवतोय?" म्हणत तात्या पुढं झाले.

टेप पाठीवरून फिरली. टोक छातीला टेकलं. आणि सुभेदारांचे खांदे वर गेले, हनुवटी वर गेली, टाचा जुळल्या.

"तात्या, सोडा," साईराज म्हणाला.

"काय सोडू?"

"श्वास."

"धरलाच न्हाई तर सोडू काय?" तात्या दातओठ न हलवता म्हणाले. त्यांचा चेहरा गाजरासारखा लाल होत चालला होता. संयोगितानं भिंतीकडं तोंड फिरवलं. शेवटी तात्यांच्या तोंडून हवा फुस्सकन बाहेर आली. मास्तरांनी टेप बघितली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"परत भरा बगू, सुभेदार."

"आत्ता सोड म्हनलं न्हवं?"

"भरा तर खरं."

तात्यांनी भरला. मुठी आवळून, डोळे मिटून, होता नव्हता तेवढा जोर लावून भरला. मास्तर टेपवर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"पुकारा की," भामाबाई आतून म्हणाल्या. "काय लिवू?"

ज्या माणसानं जन्मभर आकडे पुकारले त्याच्या तोंडून आकडा निघेना. "सुभेदार," ते चाचरत म्हणाले, "धरून बी तेवढीच हाय आन् सोडून बी तेवढीच. टेप हलत न्हाई."

साईराजचं हसू ओठांवरच थिजलं. एवढ्या जवळून त्यानं बापाला कधी निरखलं नव्हतं. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसत होती, मान बारीक झाली होती. पडवीत टेप घेऊन ओरडणारा माणूस हाच होता का, असं त्याच्या मनात आलं. त्याला वाटलं, आता तात्यांना काहीतरी म्हणायला हवं, आणि म्हणायचं काय ते त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं.

तात्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि मान वाकवून स्वतःच टेप बघितली. एकदा श्वास भरून बघितली, एकदा सोडून बघितली. मग चष्म्यावरून पोराकडं बघितलं.

"म्हंजी रं," ते म्हणाले, "म्हंजी मी नापास!"

आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग मिशीतून, मग सगळ्या अंगातून. साईराजनं बापाला असं हसताना जन्मात पाहिलं नव्हतं. "आरं साईराज, तुझा बाप नापास रं गड्या! पाठवा घरी! पाठवा म्हाताऱ्याला घरी!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्यांनी पोराचा खांदा धरला, आणि साईराजही पोट धरून हसायला लागला, वाकून, धापा टाकत, एका हातानं बापाला सावरत.

"आवं, हळू!" मास्तर दोघांच्या मधे धावले. "हसा, पर हळू हसा! कोटाचा टाका अजून कच्चा हाय!"